नऊ रुपयांना एक सदस्य

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत. डॉबीचा, म्हणजे मागावर नक्षी उठवणाऱ्या यंत्राचा, एखादा भाग तुटला की माग दुरुस्त करणारा जॉबर दिवसभर गावभर हिंडतो, आणि तोच भाग शेजारच्या बंद कारखान्यात धूळ खात पडलेला असतो. म्हणून भाच्याला हाताशी धरून यंत्रमागवाल्यांसाठी वेबसाइट काढली. जुनी डॉबी, पिकर, बीम असे मागाचे भाग, सुताचे भाव, कामगार हवे-नको, सगळं तिथं टाकायचं. नोंदणी फुकट. तीन महिन्यांत सदस्य झाले ४३, त्यातले निम्मे सोयरे.

मग एक मार्केटिंगवाला भेटला. बोलणं गोड. "रिकाम्या हॉटेलात कुणी शिरतं का, साहेब? आधी गर्दी दिसली पाहिजे." पटलं. खरं सांगायचं तर तिथंच फसलो, कारण वाक्य खोटं नव्हतं. महिन्यात ५,००० सदस्य, ४५,००० रुपये, निम्मे आगाऊ. म्हणजे माणशी ९ रुपये. आमच्या कोपऱ्यावर चहा १० रुपयांना मिळतो, हा हिशोब तेव्हा सुचला नाही.

"कॅम्पेन लावायचंय" म्हणून त्यानं ॲडमिनचा पासवर्ड मागितला. दिला.

आठवड्यात आकडा असा पळायला लागला की मी गल्ल्यावर बसून मोबाइल बघत राहायचो. ५,००० पार झाले त्या संध्याकाळी उरलेले पैसेही पाठवले. पण एवढ्या लोकांत कुणी काही विचारेना, काही विकेना. सिद्धेश्वरच्या गड्ड्यात, म्हणजे जत्रेत, पाळणे फिरतायत आणि एकही पोर ओरडत नाही, असं झालं.

भाच्यानं यादी उघडली. ईमेल म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी. नोंदण्या रात्री दोन ते चार, आणि शेकडो नोंदण्या एकाच आयपी पत्त्यावरून, म्हणजे एकाच इंटरनेट जोडणीवरून. नोंदणीनंतर परत आलेला एकही नाही. ईमेलवर लिंक पाठवून खात्री केल्याशिवाय खातं चालू होऊ नये, अशी सोय आमच्या साइटवर होती. ती त्या मार्केटिंगवाल्यानंच बंद केली होती.

पैशाचं दुःख एकवेळ गिळलं असतं. पण चार दिवसांनी पूर्व भागातल्या एका जुन्या कारखानदारांचा फोन आला. "काय ओ, तुमच्यात नंबर दिला आणि आता हे लोनवाले सकाळपासून फोन करूलालेत!" मग दुसरा फोन, मग तिसरा. आमच्या खऱ्या ४३ जणांचे मोबाइल नंबर त्या पासवर्डातून बाहेर गेले, याबद्दल मला शंका नाही. मीच त्या पहिल्या फोनवाल्या अण्णांच्या घरी जाऊन शेंगाचटणीचा डबा ठेवून माफी मागितली. ते हसले, पण नाव काढून घेतलं.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला तोवर महिना उलटून गेला होता. पैसे गेल्या गेल्या कळवलं तर पुढच्या खात्यात ते अडवता येतात. माझे कधीच पुढं सरकले असणार. त्यात करार माझ्याच सहीचा. त्यात लिहिलं होतं '५,००० नोंदण्या'. माणसं असा शब्द कुठंच नव्हता. तक्रार घेतली आहे, पुढं काही हललेलं नाही.

पासवर्ड बदलले, खोटी खाती भाच्यानं दोन रात्री बसून उडवली. खऱ्या ४३ मधले उरले ३४. मागच्या आठवड्यात त्यातल्या एकानं दुसऱ्याची जुनी डॉबी घेतली. न्यायला टेम्पो आमचाच गेला होता.