सीपॅपचा नेझल मास्क, नऊ महिने वापरल्यानंतर

आधीच सांगते, मास्कच्या कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. नाव सांगितलं की लोक डोळे मिटून तोच मागवतात आणि मग नाक दुखलं की मला येऊन विचारतात, ऑफिसमधल्या एकीचं असंच झालंय. नाक तिचं वेगळं, माझं वेगळं. तर एवढंच समजा की साधा नेझल मास्क आहे, फक्त नाकावर बसतो, तोंड मोकळं, पुढे सिलिकॉनचं कुशन, त्याला प्लास्टिकची फ्रेम आणि डोक्यामागून कापडी पट्टे. मशीन ऑटो सीपॅप, म्हणजे स्लीप अॅप्नियासाठी, झोपेत श्वास बंद पडू नये म्हणून नळीतून मास्कमध्ये रात्रभर दाबाने हवा सोडणारं, आणि तो दाब गरजेप्रमाणे आपोआप कमी-जास्त करणारं.

मी राहते कोपरखैरण्याला आणि नोकरी ठाण्याला. संध्याकाळच्या गाडीत बसायला मिळालं की ऐरोली यायच्या आत डोळा लागायचा आणि उघडायचा तो कोपरखैरणं मागे टाकून डायरेक्ट वाशीला, एकदा पनवेल गाडी होती तर नेरुळला उतरून उलटी आले आणि घरी कोणाला सांगितलंच नाही. घोरण्याबद्दल आमच्या ह्यांनी वर्षानुवर्षं टोमणे मारले होते त्यामुळे ते मी मनावरच घेत नव्हते, पण लेक एकदा सुट्टीत माझ्या खोलीत झोपली आणि सकाळी म्हणाली, आई तू घोरतेस त्याचं काही नाही गं, मधेच घोरायची थांबतेस ना तेव्हा भीती वाटते. मग घरीच झोपेची टेस्ट केली, बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकात बारीक नळी. एएचआय आला ३४, म्हणजे तासाला ३४ वेळा श्वास बंद पडतोय नाहीतर अर्धवट होतोय. ३० च्या वर गेलं की सिव्हिअर. रक्तातला ऑक्सिजन एका वेळी ७९ टक्क्यांपर्यंत उतरला होता. डॉक्टर म्हणाल्या पाळी गेल्यावर बायकांमध्ये हे वाढतं आणि आपण थकवा थकवा म्हणून लोहाच्या गोळ्या खात बसतो. मी तेच करत होते.

मशीनचं फार लिहिण्यासारखं नाही, ते आपलं काम करतं. डॉक्टरांनी प्रेशर ६ ते १२ मध्ये लावून दिलंय, बहुतेक रात्री ९ च्या आसपास असतं. खरी डोकेदुखी मास्कची. पैसे मशीनला जास्त जातात आणि झोप मास्क बिघडवतो, हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मशीनची चार मॉडेलं बघण्यात जो वेळ घालवला तो नाकाचं माप घेण्यात घालवला असता.

विकणाऱ्याने घरी येऊन माझ्याकडे नुसतं बघून मीडियम साइज दिली. ब्लाउज शिवणारी बाई पण टेप लावते हो! पहिल्याच रात्री डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात वारा, सुं सुं आवाज, मी पट्टा ओढला, मग उजवीकडून वारा, तिकडचा ओढला, असं करत करत पंधरा दिवसांत नाकाच्या हाडावर लाल वळ आणि त्यावर खपली. ऑफिसमध्ये सगळे विचारायचे चष्मा बदललास का. दोनदा मशीन कपाटात ठेवून दिलं होतं हे पण खरं सांगते. डॉक्टरांकडे रडगाणं गायले तर त्या म्हणाल्या, १९८१ साली सिडनीला डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी सीपॅप पहिल्यांदा वापरलं तेव्हा मास्क रोज रात्री नाकाला चक्क चिकटवायला लागायचा, तुमचा निदान पट्ट्याने बसतोय. त्यावर काय बोलणार.

पण त्यांच्याकडच्या टेक्निशियन मुलाने जे केलं त्याने सगळं बदललं. मला कॉटवर आडवं केलं, मशीन चालू केलं आणि सगळे पट्टे सोडून टाकले. मग मास्क चेहऱ्यापासून जरासा उचलून परत हलकेच ठेवला, आणि तो बसला की! कुशनला दोन थर असतात, आतली पातळ झालर हवेने फुगते आणि ती फुगून चेहऱ्याला लागते, तिनेच गळती थांबते. पट्टे आवळले की ती झालर चेपते आणि मग गळतं म्हणून आपण अजून आवळतो. पट्ट्याखाली दोन बोटं गेली पाहिजेत. आणि बसून नाही, आडवं होऊन, मशीन चालू असताना अॅडजस्ट करायचा, कारण आडवं झाल्यावर गाल वेगळेच पसरतात (माझे तरी). साइज पण स्मॉल निघाली. फ्रेम तीच राहिली, कुशन तेवढं बदललं.

आता धुण्याचं. मला वाटायचं धुणं म्हणजे स्वच्छतेसाठी, जंतू वगैरे, एखाद दिवस नाही धुतलं तर काय होतंय. तर तसं नाहीये. रात्रभर नाकाचं, गालाचं तेल त्या झालरीला लागतं आणि तेलकट सिलिकॉन चेहऱ्यावरून सरकतं, म्हणजे परत गळती. माझ्या मशीनवर सकाळी लीकचा आकडा दिसतो, मिनिटाला २४ लिटरच्या खाली चांगला. धुतलेल्या दिवशी ६-८, दोन दिवस न धुता वापरला की २० च्या पुढे, आणि हे मी गंमत म्हणून तीन वेळा करून बघितलंय. रात्रीचं कोल्ड क्रीम त्यासाठी बंद केलं, आता ते सकाळी लावते. डोक्याला खोबरेल पण रात्री नाही, पट्टे तेल पितात आणि वेलक्रो धरत नाही. रविवारी सकाळी तेल लावून दुपारी न्हायचं, आईच्या घरी होतं तसं.

रोजचं काम दोन मिनिटांचं आहे. चहा ठेवायचा, तो उकळेपर्यंत कुशन फ्रेममधून सोडवायचं, मगभर कोमट पाण्यात लहान बाळांच्या साबणाचे दोन थेंब, आणि अंगठा त्या झालरीच्या आतून गोल फिरवायचा. तिथे एक पांढरट बुळबुळीत थर असतो, वरून बघितलं तर दिसत नाही, अंगठ्यालाच कळतो. बुळबुळ गेली आणि अंगठा अडखळत कुंई कुंई वाजायला लागला की झालं. मग नळाखाली साबण पूर्ण जाईपर्यंत धरायचं आणि सुती पंचावर पालथं ठेवायचं. खिडकीत उन्हात नाही ठेवायचं, सिलिकॉन पिवळं पडून कडक होतं. पट्टे आणि नळी आठवड्यातून एकदा, रविवारी.

चुका पण सांगते. पहिल्या महिन्यात जास्त शहाणपणा करून अँटिसेप्टिक लिक्विड घातलं, सिलिकॉनने तो वास असा धरला की दोन रात्री हॉस्पिटलच्या वॉर्डात झोपल्यासारखं वाटलं. सासूबाई म्हणाल्या रिठ्याने धू, तो प्रयोग केला नाही, त्यांना वाईट वाटलं. आणि एप्रिलमध्ये मी कुशन घाईत सिंकपाशी विसरून गेले, तर भांडीवाल्या ताईंनी चांगल्या मनाने भांड्यांबरोबर घासणीने घासून, पुसून, वाटीत ठेवलं होतं. बघायला लख्ख. रात्री शिट्टी वाजायला लागली, टॉर्च लावून बघितलं तर झालरीला नखाएवढी चीर. ताईंना काय बोलणार, त्यांना वाटलं मिक्सरचं रबर आहे. नवीन कुशन बावीसशे रुपये. तेव्हापासून ते बेडरूममधल्या बेसिनमध्ये धुते.

ओझोनवाली क्लीनिंग मशीनं पण मिळतात, मला एकाने गळ्यात मारायचा प्रयत्न केला. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधं-उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, २०२० मध्येच ओझोन आणि यूव्हीच्या अशा यंत्रांबद्दल सावध केलंय, आणि तसंही दोन थेंब साबणाचं काम आहे, त्याला कशाला यंत्र.

पावसाळ्यात मात्र वाट लागली. जुलैत आमच्याकडे रुमाल वाळत नाही तिथे हे जाड पट्टे काय वाळणार, दोन दिवस बाथरूममध्ये लटकवले आणि तिसऱ्या दिवशी कुबट वास, तो वास नाकापाशी घेऊन झोपायचं म्हणजे शिक्षाच. उपाय असा सापडला की पट्टे धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचे, पिळायचे नाहीत, आणि फॅनखाली खुर्चीच्या पाठीवर टाकायचे. नळीत पाणी राहतं ते झटकून जात नाही, त्यासाठी ह्युमिडिफायरचं भांडं (हवा दमट करायला मशीनमध्ये पाणी असतं ते) रिकामं करून मशीनला नळी जोडायची आणि दहा मिनिटं नुसती हवा सोडायची, आतून कोरडी ठणठणीत.

मास्कच्या पुढे कोपरासारखा जो तुकडा आहे त्याला बारीक बारीक भोकं आहेत, आपण सोडलेला श्वास तिथून बाहेर जातो. ती बुजवायची नाहीत, आतला कार्बन डायऑक्साइड परत आपल्याच नाकात येईल. हे लिहायचं कारण म्हणजे आमच्या ह्यांच्या मानेवर तिथून गार वारा लागायचा तर त्यांनी एका रात्री चिकटपट्टी शोधायला सुरुवात केली होती! शेवटी मी कूस बदलली आणि त्यांनी उशी मधे लावली. घोरणं गेलं पण भांडण नाही गेलं, असं ते म्हणतात.

मे महिन्यात एसी २२ वर लावला की नळीत पाणी साठून पहाटे नाकात थेंब पडायचे, झोपेत कोणीतरी पिचकारी मारल्यासारखं. एसी २५ केला, ह्युमिडिफायर एक घर खाली आणला आणि जुन्या मऊ साडीचा कपडा शिवून नळीला घातला, बंद झालं. पाणी डिस्टिल्डच घालते, मेडिकलमधून आणते, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते नाही. मध्ये आठवडाभर नळाचं घातलं, आमच्याकडे येणारं मोरबे धरणाचं पाणी चांगलं आहे म्हणून, तरी भांड्याच्या तळाला पांढरा थर आलाच.

मशीनच्या हवेच्या फिल्टरचं आमच्या भागातल्या लोकांसाठी खास. पुस्तकात महिन्या-दोन महिन्यांनी बघा लिहिलंय, इकडे रात्री एमआयडीसीकडून तो वास येतो ना, त्या थंडीच्या दिवसांत माझा पांढरा फिल्टर तीन आठवड्यांत राखाडी झाला. ठाण्याला नौपाड्यात बहिणीकडे महिनाभर होते तिथे पण काही फार पांढरा राहिला नाही म्हणा. तो धुवायचा नसतो, फेकायचा आणि नवीन घालायचा.

सर्दी झाली की नेझल मास्कचं काही चालत नाही, हे आधीच माहीत असू द्या. नाक चोंदलं की तोंड उघडतं आणि हवा तोंडातून बाहेर, सकाळी जीभ पापडासारखी. सलाइनचा स्प्रे मारते, डोकं उंच करते, तरी दोन रात्री फुकट जातात. हनुवटीचा पट्टा घेतला होता, चार दिवसांत काढून टाकला, दात दुखल्यासारखा चेहरा बांधून कोण झोपणार.

अजून एक, माझ्या मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाचे क्लिप आहेत, अंधारात पण पटकन लागतात म्हणून मला आवडतात, पण सासऱ्यांना पेसमेकर आहे आणि पेसमेकर असलेल्यांनी असे चुंबकवाले मास्क वापरायचे नसतात. त्यांच्या खोलीत मी मास्क ठेवत पण नाही. पेसमेकरवाल्या माणसाच्या शेजारी झोपणार असाल तरी घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

फरक पडला का, तर आता एएचआय २ ते ४ मध्ये असतो. सकाळचं डोकं दुखणं गेलं, रात्री तीनदा बाथरूमला उठायचे ते बंद झालं, वजन मात्र एक किलोने पण कमी नाही. गाडीत डोळा अजून कधी कधी लागतो पण घणसोलीला, आमच्या आधीच्या स्टेशनला, उघडतो.

सध्याची तक्रार पट्ट्यांची. नऊ महिन्यांत मागचा इलॅस्टिक सैल पडलाय, वेलक्रो शेवटच्या टोकाला आलाय, आणि विकणारा म्हणतो नुसते पट्टे येत नाहीत, पूर्ण मास्कच घ्या, साडेसहा हजार. दोन ठिकाणी विचारून ठेवलंय. तोपर्यंत सासूबाईंनी चष्मा लावून मागच्या बाजूला दुहेरी दोऱ्याने चार टाके घालून दिलेत, रिठ्याचं विसरल्या बहुतेक, आणि कालचा लीकचा आकडा ७ होता.