सिनेटरला फोन की मसुद्यावर हरकत?

विधेयक अमेरिकी संसदेत असेल तर फोनच बरा. २०२-२२४-३१२१ या संसदेच्या स्विचबोर्डवर आपल्या सिनेटरचं ऑफिस मागायचं. नाव, झिप कोड, विधेयकाचा क्रमांक, बाजूने की विरोधात, एवढंच सांगायचं. मिनिटभराचं काम. परक्या राज्यातल्या सिनेटरला केलेला फोन मात्र सहसा वायाच.

एच-वन-बी व्हिसासारखे नियम सरकारी खातंच बदलत असेल तर त्या मसुद्यावर लेखी हरकत घ्या. मुदत बहुधा ३० ते ६० दिवस. डॉकेट क्रमांक, म्हणजे त्या प्रस्तावाच्या फाइलचा क्रमांक, अचूक हवा. इथे डोकी मोजत नाहीत, मुद्दे बघतात. महत्त्वाच्या मुद्द्याला उत्तर देणं खात्याला भाग असतं, म्हणून साच्यातला मजकूर चिकटवून उपयोग नाही. २०१७ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीवर (इंटरनेट कंपन्यांनी सगळ्या वेबसाइटना सारखंच वागवावं, हा नियम) २ कोटी २० लाखांहून अधिक प्रतिक्रिया आल्या. त्यातल्या जवळपास १ कोटी ८० लाख बनावट निघाल्या!