लंडनमधला महायुद्धातल्या बायकांवरचा वॉक: पैसे वसूल, पण हेरगिरी जरा जास्तच
अडीच तासांचा पायी वॉक आहे, व्हाइटहॉलला सुरू होऊन गॉर्डन स्क्वेअरला संपतो, 15 पौंड घेतात. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण थोडी तक्रार पण आहे.

सुरुवात दुसऱ्या महायुद्धातल्या बायकांच्या 2005 सालच्या ब्राँझच्या स्मारकापासून. त्यावर एकही बाई नाही, नुसते 17 जणींचे कपडे अडकवलेत, गणवेश, नर्सचा केप, वेल्डिंगचा मास्क, म्हणजे काम संपलं, कपडे खुंटीला लावले आणि चालल्या घरी. गाइडबाई इथे मस्त बोलल्या. डिसेंबर 1941 ला ब्रिटनमध्ये कायदाच केला आणि 20 ते 30 वयाच्या अविवाहित बायकांना युद्धाच्या कामाला सक्तीने घ्यायला लागले, हे मला अजिबात माहीत नव्हतं.

मग एडिथ कॅव्हेलचा पुतळा, पहिल्या महायुद्धातली नर्स, ब्रसेल्समधून सैनिकांना पळून जायला मदत केली म्हणून जर्मनांनी 1915 ला गोळ्या घातल्या. हे पटकन उरकलं, ठीक आहे.

पण वॉटर्लू ब्रिजवर माझी चिडचिड झाली. पुरुष लढाईवर गेलेले म्हणून हा पूल बांधायला मोठ्या संख्येने बायका होत्या, थेम्सवरचे बोटवाले याला लेडीज ब्रिज म्हणतात, आणि 1945 ला उद्घाटनाच्या भाषणात मंत्री हर्बर्ट मॉरिसन यांनी कौतुक कोणाचं केलं तर पूल बांधणाऱ्या पुरुषांचं! धन्य आहे बाबा. एवढा भारी किस्सा आणि आम्ही तिथे जेमतेम पाच मिनिटं, कारण पुढे हेरांचा भाग होता ना.

गॉर्डन स्क्वेअरला नूर इनायत खानचा अर्धपुतळा आहे, तिथे मात्र अर्धा तास. टिपू सुलतानच्या वंशातली मुलगी, 1943 ला ब्रिटनकडून गुप्तपणे वायरलेस ऑपरेटर म्हणून जर्मनांनी व्यापलेल्या फ्रान्समध्ये गेली, पकडली गेली, 1944 ला डाखाऊच्या छळछावणीत मारली, मरणोत्तर जॉर्ज क्रॉस, म्हणजे ब्रिटनचा मोठा शौर्यपुरस्कार. ऐकताना काटा आला, खोटं कशाला बोलू. फक्त परदेशात जाऊन जीव दिला की अर्धा तास आणि मायदेशात राहून पूल, विमानं, दारूगोळा बनवला की पाच मिनिटं, हा हिशोब मला नाही पटला. आणि भारतात 1942 लाच विमेन्स ऑक्झिलरी कॉर्प्स, म्हणजे सैन्याला मदत करणारी बायकांची तुकडी, उभी राहिली होती, त्याबद्दल एक वाक्य नाही.

पाचपैकी साडेतीन. हेडफोन देत नाहीत, त्यामुळे पुलावर गाइडला चिकटूनच उभे राहा, बसच्या आवाजात मागच्यांना ओ की ठो कळत नाही.