तिसरीच्या गॅदरिंगसाठी ड्रेपरी: दुकान चांगलं, ‘आदिवासी सेट’ मात्र घेऊ नका

गॅदरिंगला माझ्या तिसरीच्या वर्गाचं काय बसवायचं, हे यंदा निम्मं शाळेत ठरलं आणि निम्मं भाड्याने कपडे देणाऱ्या ड्रेपरीच्या दुकानात. डिसेंबर आला की शिक्षक आणि पालक याच दुकानांच्या पायऱ्या चढतात, म्हणून सविस्तर लिहिते. दुकान सांगलीतलं, जुनं. नाव देत नाही, कारण पुढे एक तक्रार आहे आणि ती या एकाच दुकानाची नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वर्गात ३१ मुलं, १७ मुली आणि १४ मुलगे. मागच्या वर्षी याच मुलांचं कोळीनृत्य बसवलं होतं. चांगली नाचणारी दहा-बारा पुढे, बाकीची मागे होडी धरून. कार्यक्रम संपल्यावर मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, “बाई, मी दिसले का हो?” ती मला दिसली नव्हती. हे मला वर्षभर टोचत राहिलं.

म्हणून यंदा तारपा. आंतरजिल्हा बदलीने इकडे येण्याआधी मी नऊ वर्षं पालघर जिल्ह्यात तलासरीला, वारली आदिवासींच्या भागात होते. भात कापून झालं, नवं धान्य घरात आलं की रात्री पाड्यावर तारपा वाजायचा. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाची पानं यांचं ते लांबलचक वाद्य. वाजवणारा मधे आणि त्याच्याभोवती एकमेकांना धरून चाललेली माणसांची साखळी. सूर बदलला की साखळी दिशा बदलते. तारपेवाल्याकडे कोणी पाठ करत नाही. या नाचात पुढची रांग नाही, मागची नाही. पावलं मोजकी, पण सगळ्यांची एकदम पडावी लागतात, आणि आठ-नऊ वर्षांच्या मुलांना ते छान जमतं. लेझीमचाही विचार केला होता, पण ३१ लेझीम जमवायच्या कुठून, आणि ज्याचा हात चुकतो तो लगेच उघडा पडतो.

दुकानातल्या काकांनी कपडे दाखवायच्या आधी विचारलं, “बाई, स्टेज किती बाय किती?” मी सांगितलं, २० बाय १२ फूट. “आणि गोलात मुलं किती?” ३०, एक तारपेवाला मधे. काकांनी एका मुलाला दीड फूट धरला आणि दोरी मोजली, ४५ फूट. दुकानासमोरच्या फरशीवर तिचा गोल केला तर तो आडवा १४ फुटांच्या वर गेला. म्हणजे मुलं स्टेजवरून खाली. मी शाळेत तीन दिवस मैदानात सराव घेत होते आणि हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. काकांनी दोरी उचलून तिचे दोन वेढे केले, शंखासारखे. “असं चालंल का तुमच्यात?” चालेल म्हणजे काय! वारली चित्रात तारप्याभोवती माणसं अशीच वेढे घेत आत जाताना दिसतात. जिव्या सोमा म्हसे यांच्या चित्रांतली ती वळणं मी मुलांना वर्गात दाखवलेली होती.

विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत नाटक उभं केलं, त्या गावात कपडेपट सांभाळणाऱ्यांना स्टेज कळतो, याचं मला आता नवल वाटत नाही. काकांचे वडील नाटकांना कपडे पुरवायचे. या एका दोरीसाठी मी या दुकानाला पूर्ण गुण देईन.

आता तक्रार. तारपा म्हटल्यावर काकांच्या मुलाने ‘आदिवासी सेट’ काढला. झाडपाल्याचे हिरवे घागरे, डोक्याला कोंबड्याची पिसं, हातात पुठ्ठ्याचे भाले, सोनेरी रंगवलेला कागदाच्या लगद्याचा तारपा. सोबत तोंडाला काळा रंग आणि वर पांढरे ठिपके, मेकअपवाल्याचे वेगळे पैसे. पेनड्राइव्हमध्ये डीजे लावलेलं गाणंही होतं. तलासरीत नऊ वर्षांत मी असे कपडे घातलेलं एकही माणूस पाहिलं नाही. माझ्या तिथल्या वर्गातल्या मुलांच्या आया गुडघ्यापर्यंत लुगडं नेसून, डोक्यावर गवताचा भारा घेऊन शाळेच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यांच्या मुलांसमोर हा वेश घालून आपली मुलं नाचू शकतील का, एवढाच प्रश्न मी स्वतःला विचारला. जिथे जाल तिथे हा सेट दाखवतात, कारण आपण शाळावालेच तो मागतो. कृपा करून मागू नका.

मी नाही म्हटल्यावर काकांनी वाद घातला नाही. शेतकरी नृत्याच्या गाठोड्यातून साध्या काठाच्या छोट्या साड्या काढल्या, मुलग्यांना पांढरं आखूड धोतर, बंडी आणि डोक्याला फडकं. रंग उडालेल्या तीन साड्या मी बदलून मागितल्या, त्यांनी दिल्या.

व्यवहार असा: एका मुलाचे ८० रुपये, ३१ जणांचे २,४८० आणि १,५०० डिपॉझिट. आदल्या दिवशी दुपारनंतर कपडे मिळतात, दुसऱ्या दिवशी ११ च्या आत परत द्यायचे. उशीर झाला की पूर्ण दिवसाचं भाडं लागतं, हे आधी सांगत नाहीत, पावतीच्या मागे छापलेलं आहे. बंड्यांना डांबरगोळ्यांचा उग्र वास होता. रात्रभर वऱ्हांड्यात टांगून ठेवल्या तरी दोन मुलांना शिंका येत होत्या. नाड्या कुजलेल्या निघाल्या, त्या मी घरी बदलल्या. सेफ्टी पिना स्वतःच्या न्या, किमान सहा डझन. आणि मापं घेऊन जा. दुकानात २४ आणि २६ नंबर भरपूर आहेत, पण अंगाने मोठ्या मुलांना बसेल असं फार थोडं आहे.

तारपा मात्र माझा होता. बदली झाली तेव्हा तलासरीच्या पालकांनी दिलेला, घरी भिंतीवर असतो. सहा मिनिटं उचलून धरायचा म्हणून वर्गातल्या सगळ्यात उंच मुलाकडे दिला. सूर माझ्या फोनमधले, तिथल्याच एका रात्री टिपलेले.

कार्यक्रमाच्या दिवशी दुसरा वेढा आत शिरताना साखळी एकदा तुटली. दोघींनी धावत जाऊन हात धरले आणि नाच पुढे चालू राहिला. गेल्या वर्षी प्रश्न विचारणारी मुलगी म्होरकी होती, हातात घुंगरांची काठी. म्होरकी चिठ्ठ्या टाकून ठरवली होती, आणि चिठ्ठी तिची निघाली.

कपडे परत द्यायला गेले तेव्हा पिसांचे मुकुट दर्शनी खिळ्यावर तसेच लटकत होते. काकांनी डिपॉझिट मोजून दिलं, वही काढली आणि म्हणाले, “बाई, त्या लुगड्याची उंची आणि नेसायची पद्धत सांगा, दिवाळीपर्यंत वीस शिवून ठेवतो.” मी फोनमधले फोटो दाखवले. त्यांनी टेप घेऊन माप लिहून घेतलं. पुढच्या वर्षी जो कोणी तारपा बसवणार असेल, त्याने आधी हे वीस मागावेत.