मॅस्टोडॉन की ब्लूस्काय: आपला पत्ता कोणाच्या नावावर?

ऑक्टोबर २०२२मध्ये ट्विटरची मालकी बदलली, तेव्हा माझ्या परिचयातील अनेकांनी आधी मॅस्टोडॉन या ट्विटरसारख्याच समाजमाध्यमाची वाट धरली. पुढे फेब्रुवारी २०२४मध्ये ब्लूस्काय हे तसेच दुसरे माध्यम निमंत्रणाशिवाय सर्वांना खुले झाले आणि त्यांतील बरेच जण तिकडे गेले. मी दोन्हीकडे राहून पाहिले आहे. दोहोंपैकी काय निवडावे, असे कोणी विचारले की अक्षरमर्यादा आणि ॲपची मांडणी बाजूला ठेवून मी एकच गोष्ट विचारतो: उद्या येथून निघावे लागले, तर बरोबर काय नेता येईल? मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही शंका काल्पनिक नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले, जुलै २०२४मध्ये ‘कू’ या ट्विटरसारख्या भारतीय ॲपने बंद होत असल्याचे जाहीर केले, आणि दोन्ही ठिकाणी मन लावून मराठी लिहिणारी माणसे होती.

मॅस्टोडॉनबद्दल मला आजही आपुलकी आहे. ऑयगेन रोच्को यांनी २०१६मध्ये सुरू केलेल्या या व्यवस्थेला एक मालक नाही. हजारो लहानमोठे सर्व्हर २०१८मध्ये अधिकृत मानक ठरलेल्या ॲक्टिव्हिटीपब या सामायिक नियमावलीच्या आधारे एकमेकांशी बोलतात. नोव्हेंबर २०१९मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते निलंबित झाले, तेव्हा भारतातून अनेक लोक तेथे गेले, ते याच कारणासाठी. तेथील संवाद निवांत असतो, आणि नियमांविषयी तक्रार असेल तर थेट सर्व्हर चालवणाऱ्या माणसालाच लिहिता येते.

मात्र तेथील पत्त्याचा उत्तरार्ध, म्हणजे आपल्या नावापुढे येणारे सर्व्हरचे डोमेन (इंटरनेटवरील नाव), आपला नसतो. पूर्वी शहरात खोली घेऊन राहणारा मुलगा पाकिटावर ‘द्वारा श्री. अमुक’ असे लिहून घेई. मॅस्टोडॉनचा पत्ता तसाच असतो. सर्व्हरचालकाचे डोमेन गेले, की त्याच्याबरोबर सर्वांचे पत्ते जातात. क्विअर डॉट एएफ या सर्व्हरचे तसेच झाले: ‘एएफ’ हा अफगाणिस्तानचा संकेत असल्याने फेब्रुवारी २०२४मध्ये तेथील राजवटीने ते डोमेन बंद केले, आणि त्या सर्व्हरवरील सर्वांचा पत्ता एकाच वेळी गेला.

माझ्या बाबतीत एवढे नाट्यमय काही घडले नाही. मी महाराष्ट्रातील बारवा आणि जुन्या विहिरी पाहत हिंडतो आणि प्रत्येकीची छायाचित्रांसह छोटी नोंद लिहितो. अशा साधारण तीन वर्षांच्या नोंदी माझ्या मॅस्टोडॉन खात्यावर होत्या. सर्व्हर चालवणारे गृहस्थ सज्जन होते. खर्च आणि वेळ जमेना, तेव्हा त्यांनी रीतसर तीन महिन्यांची पूर्वसूचना देऊन सर्व्हर बंद करण्याचे ठरवले. मी दुसरीकडे खाते काढले, स्थलांतराचे बटण दाबले आणि दोन दिवसांत बहुतेक फॉलोअर नव्या पत्त्यावर आले. नोंदी मात्र आल्या नाहीत. मॅस्टोडॉनच्या स्थलांतरात पोस्ट येतच नाहीत, हे मी वाचले होते. पण त्याचा अर्थ जुन्या खात्यातून खाली उतरवलेली माझ्या नोंदींची संचिका उघडली तेव्हा कळला. एका लांबलचक फाईलमध्ये माझा सगळा मजकूर एचटीएमएलच्या (वेबपानांच्या संगणकीय भाषेच्या) खुणांत अडकलेला होता, आणि आकड्यांची नावे असलेल्या फोल्डरांत फोल्डर, त्यांत छायाचित्रे. साताऱ्याजवळच्या लिंब येथील बारा मोटेच्या विहिरीचे चित्र शोधायला मला अर्धा तास लागला. ही संचिका नव्या खात्यात परत भरण्याची सोय नव्हती. शिवाय इतरांनी आपल्या लेखांत दिलेले माझ्या नोंदींचे दुवे तीन महिन्यांनंतर निकामी झाले, आणि त्यावर माझ्याकडे काहीच उपाय नव्हता. माझा निर्णय या एका त्रासाने झाला.

ब्लूस्काय ज्या नियमावलीवर चालते त्या एटी प्रोटोकॉलमध्ये ओळख आणि पत्ता वेगळे ठेवले आहेत. ओळख म्हणजे ‘डीआयडी’ नावाची न बदलणारी खूण. पत्ता बदलला तरी फॉलोअर आणि पोस्ट त्या खुणेशीच जोडलेले राहतात. पत्ता म्हणून स्वतःचे डोमेन लावता येते. मी माझे लावले: डोमेन जेथून घेतले तेथील डीएनएसच्या (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या यंत्रणेच्या) पानावर ‘अंडरस्कोअर एटीप्रोटो’ या नावाची टीएक्सटी, म्हणजे साध्या मजकुराची, नोंद केली, तिच्यात डीआयडी चिकटवला आणि पाच मिनिटांत नाव बदलले. खाते दुसऱ्या सर्व्हरवर न्यायचे झाल्यास पोस्टही नेण्याची तरतूद प्रोटोकॉलमध्येच आहे.

याचा अर्थ सगळे निर्धोक आहे, असे मी म्हणणार नाही. ब्लूस्कायमागे एक कंपनी आहे आणि ऑक्टोबर २०२४मध्ये तिने दीड कोटी डॉलरचे भांडवल घेतल्याचे जाहीर केले. गुंतवणूकदार कधी ना कधी परताव्याची अपेक्षा करतातच. बहुतेकांची खाती कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, आणि आपली खूण कोणत्या सर्व्हरकडे निर्देश करते हे सांगणारी मुख्य नोंदवहीही कंपनीनेच उभारली. त्या नोंदीत बदल करण्याची किल्ली सर्वसाधारण वापरकर्त्याच्या हाती नसून सर्व्हरकडे असते. स्वतःची किल्ली जोडता येते, पण ते काम किचकट आहे. मला एका जाणकार मित्राला शेजारी बसवून ते करावे लागले. डोमेनचे भाडे दरवर्षी भरावे लागते, तेही वेगळेच. आणि ‘भारत’ हे देवनागरी डोमेन २०१४पासून उपलब्ध असूनही दोहोंपैकी कोठेही सरळ देवनागरीत पत्ता मिळत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्यांना मोजक्या माणसांचा जिव्हाळा हवा आहे, जे लिहिले ते वाहून गेले तरी चालेल अशी ज्यांची वृत्ती आहे आणि ज्यांच्या ओळखीत भरवशाचा सर्व्हरचालक आहे, त्यांनी मॅस्टोडॉन निवडले तर मी त्यांना अडवणार नाही. एखादी संस्था स्वतःच्या डोमेनवर सर्व्हर चालवू शकत असेल, तर तिच्यासाठी बहुधा तोच मार्ग अधिक चांगला. पण एकट्याने, सर्व्हर सांभाळण्याची तयारी नसताना, वर्षानुवर्षे जपायचे काही लिहिणाऱ्याला मी आधी डोमेन घ्यायला सांगेन आणि मग ते ब्लूस्कायला जोडायला सांगेन.

माझ्या जुन्या नोंदी मी तेथे एकेक करून हातानेच पुन्हा टाकतो आहे. बारा मोटेची विहीर सर्वांत आधी टाकली. तिच्यावर तारीख या वर्षाची पडली आहे, म्हणून मूळ भेटीची तारीख मजकुराच्या पहिल्याच ओळीत लिहिली.