मिडल-अर्थचा अ‍ॅटलस: नकाशे बघायला घेतला आणि इतिहासातच अडकलो

टॉल्किनची लॉर्ड ऑफ द रिंग्ज ही कादंबरी वाचताना तिचा नायक फ्रोडो आज नेमका कुठे मुक्कामाला आहे हे नकाशावर बोट ठेवून बघायची ज्यांना खोड आहे, आणि पुस्तकातल्या नकाशांनी ज्यांचं भागत नाही, त्यांनी कॅरन विन फॉन्स्टॅडचा 'द अ‍ॅटलस ऑफ मिडल-अर्थ', म्हणजे टॉल्किनच्या त्या काल्पनिक जगाचा नकाशासंग्रह, घ्यावाच. बाई भूगोल शिकलेल्या, नकाशे काढणं हेच काम, त्यामुळे हौसेनं काढलेल्या फॅन-आर्टचा प्रकार नाही हा. पहिल्यांदा आलं 1981 ला, पण घ्यायची ती 1991 ची सुधारित आवृत्ती, कारण मधल्या काळात टॉल्किनचा मुलगा क्रिस्टोफर वडिलांचे जुने मसुदे एकेक खंड करून छापत होता आणि त्यातलं बरंच यात आलंय. सेकंडहँड घेत असाल तर साल आधी विचारा.

दिसायला एकदम साधं आहे हे आधीच सांगून ठेवतो. काळा आणि एक विटकरी रंग, संपला विषय. भिंतीवर लावायला काहीतरी चकचकीत हवं असेल तर हे नाही. नावांचा टाइप बारीक, चाळिशी लागलेल्यांनी चष्मा घेऊनच बसायचं.

पण खरी मजा तिसऱ्या युगातल्या (लॉर्ड ऑफ द रिंग्जची गोष्ट याच युगाच्या शेवटी घडते) राज्यांच्या नकाशांत आहे, आणि माझे पैसे तिथेच वसूल झाले. सिनेमात वेदरटॉप म्हणजे एक टेकडी, वर पडके दगड, रात्री नाझगुल, म्हणजे खलनायक सॉरॉनचे काळे घोडेस्वार, येतात, फ्रोडोला सुरा लागतो, पुढे चला. आता हा अ‍ॅटलस उघडून बघा. उत्तरेचं आर्नोर हे एकेकाळी सलग मोठं राज्य, त्या युगाच्या 861 साली राजाच्या तीन मुलांचं पटेना म्हणून वाटणी झाली, आर्थेडाइन, कार्डोलान आणि रुडाउर, आणि या तिघांच्या सीमा येऊन भिडतात त्या वेदरटॉपपाशीच. वर बुरूज होता आणि बुरुजात उत्तरेतला सगळ्यात महत्त्वाचा पॅलान्टीर, म्हणजे दूरचं दाखवणारा दगड, तो आर्थेडाइनच्या ताब्यात, आणि बाकी दोघांचा त्याच्यावर डोळा. भाऊबंदकी कशी असते हे आपल्याला कुणी सांगायला नको. ते आपसात भांडत बसले, वर अँगमारमध्ये नाझगुलांचा म्होरक्या विच-किंगने बस्तान बसवलं आणि 1409 साली येऊन बुरूज पाडला. पुढे 1636 ला महामारी (तिचाही वेगळा नकाशा आहे!), 1974 ला आर्थेडाइनची राजधानी फोर्नोस्ट पडलं आणि उत्तरेचं राज्य संपलं. ब्री गाव सोडल्यावर एल्फांच्या रिव्हेंडेलपर्यंत रस्त्याला एक धड गाव का लागत नाही हा प्रश्न मला कित्येक वर्षं होता, तो इथे सुटला. आणि फ्रोडोला सुरा मारणारा तो हाच विच-किंग, म्हणजे हा गडी सोळाशे वर्षांनी स्वतःच पाडलेल्या बुरुजावर परत आलाय! पुस्तकात हे सगळं आहे, नाही असं नाही, पण परिशिष्टात सनावळीच्या गर्दीत, तिथे डोळे नुसते पुढे सरकतात.

दुसरी आवडती जागा म्हणजे शहरांचे आणि इमारतींचे आराखडे. गोंडोर राज्याची राजधानी मिनास तिरिथ, तिचे सात टप्पे आणि प्रत्येकाचा दरवाजा वेगळ्या दिशेला, मुख्य दरवाजा पूर्वेला, दुसरा आग्नेयेला, तिसरा ईशान्येला, असं करत वर जायचं. गड चढणाऱ्या माणसाला हे बघताक्षणी कळतं, शत्रू आत घुसला तरी सरळ वर धावता येणार नाही, प्रत्येक टप्प्यावर वळसा आणि वरून मार. मोरिया या डोंगराखालच्या जुन्या खाणशहराचं पण आतून चित्र आहे, पश्चिम दरवाज्यापासून पूर्वेच्या दारापर्यंत सरळ रेषेतच चाळीसेक मैल, तेव्हा फ्रोडो आणि त्याचे सोबती अंधारात किती चालले याचा अंदाज येतो.

प्रवासाचे तक्ते तारीखवार आहेत, मुक्काम कुठे पडला ते सगळं. फ्रोडोचं घर बॅग एंड ते रिव्हेंडेल 458 मैल. यांच्या आकड्यांवरून लोक रोज घराजवळ चालून तितकं अंतर भरून काढतात, मी काय त्या भानगडीत पडलेलो नाही.

पहिल्या दोन युगांचे नकाशे मी जरा भरभर उलटले. बेलेरियांड हा प्रदेश बुडाला, नुमेनॉर बेट दुसऱ्या युगाच्या 3319 साली बुडालं, आणि त्याआधी जग सपाट होतं, नंतर गोल झालं. आता नकाशा काढणाऱ्याने याचं काय करायचं! बाईंनी दोन्ही काढून दाखवलंय, हिंमत आहे. पण इथे टॉल्किनने लिहिलेलं कुठलं आणि बाईंचा अंदाज कुठला हे नुसत्या नकाशावरून कळत नाही, शेजारचा मजकूर वाचावाच लागतो, आणि तो मजकूर कोरडा आहे. मॉर्डोरच्या, म्हणजे सॉरॉनच्या मुलखाच्या, काटकोनात वळलेल्या डोंगरांना भूगोलाच्या नियमात बसवायचा खटाटोपही मला ओढूनताणून वाटला. त्यापेक्षा त्याच पानावर खाली दक्षिणेला बघा, नुर्न नावाचा भाग आहे, मधे खारट तळं, आजूबाजूला गुलामांकडून कसून घेतलेली शेतं. सॉरॉनचं एवढं सैन्य खायचं काय, तर हे.

एक कमी आहेच. 1991 नंतर मसुद्यांचे शेवटचे खंड 1996 पर्यंत आले, 2021 ला आणखी एक पुस्तक आलं, ते यात येणं शक्यच नव्हतं, फॉन्स्टॅडबाई 2005 मध्ये गेल्या. त्यामुळे वाद घालताना हा अ‍ॅटलस शेवटचा पुरावा म्हणून पुढे करू नका, कुणीतरी नंतरचा खंड काढून तुम्हाला गप्प करेल.

आणि ज्याने मूळ कथा वाचलेली नाही त्याला हे गिफ्ट देऊ नका. कोण कुठे मरतं, कोण कुठून वेगळं होतं, सगळं तारखेसकट छापलंय. आधी इंग्रजीतून नाहीतर मराठीतलं 'स्वामी मुद्रिकांचा' वाचायला द्या, मग हे.