ताटली आणि चेहरा, दोन्हींसाठी एकच लाइट घ्यायचा तर

पदार्थांचे आणि माणसांचे फोटो काढायला बॅगेत एकाच लाइटला जागा असेल, तर निवड तिघांतून होते: हातात मावणारं एलईडी पॅनेल, पुढे सॉफ्टबॉक्स (प्रकाश पसरवणारी कापडी पेटी) लावता येणारा सीओबी एलईडी, म्हणजे एकाच ठिकाणी दाटीने बसवलेल्या एलईडींचा सतत जळणारा दिवा, आणि स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा छोटा फ्लॅश.

पॅनेलचं आधी उरकतो. प्रकाश मऊ पडतो तो लाइटच्या आकारामुळे, आणि तोही विषयाच्या मानाने. तळहाताएवढं पॅनेल वाटीपासून वीतभर अंतरावर छान काम करतं. तेच चेहऱ्यापासून मीटरभर लांब नेलं की नाकाची सावली कडक पडते. विषयाच्या कडेवर मागून हलकी प्रकाशरेषा द्यायला जरूर ठेवा, पण मुख्य लाइट म्हणून नको.

खरा प्रश्न सीओबी की फ्लॅश हा. ६० वॅटचा एलईडी १/६० सेकंदात जेमतेम १ ज्यूल वीज वापरतो. स्पीडलाइट पूर्ण पॉवरला साधारण ६० ज्यूल एका झटक्यात ओततो. भर उन्हात माणसाचा फोटो काढताना हा फरक लगेच कळतो: तिथे एलईडी चालू आहे की नाही हेही समजत नाही.

पदार्थाला मात्र ही ताकद लागतच नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर, ताटली स्थिर. शटर १/८ सेकंद ठेवलं तरी बिघडत नाही. आणि सॉसवरची चमक नेमकी कुठे येतेय हे डोळ्यांना समोरच दिसतं. वाटी बोटभर सरकवली की झालं. फ्लॅशमध्ये तेच करायला फोटो काढा, बघा, पुन्हा काढा. तोवर वाफ गेलेली असते. अपवाद ओतल्या जाणाऱ्या द्रवाचा. कमी पॉवरवर फ्लॅशचा झोत १/१०,००० सेकंदाइतका छोटा होतो आणि थेंब हवेत गोठतो. एलईडीला ते जमत नाही.

घरातल्या पोर्ट्रेटला ९० सेंमीचा सॉफ्टबॉक्स लावलेला सीओबी मीटरभर अंतरावर पुरतो. थोडा आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशाला संवेदनशीलता) वाढवावा लागेल, इतकंच. लाइट मागे नेऊ नका. अंतर दुप्पट झालं की प्रकाश चौथाईवर येतो. सतत उजेड असल्याने बाहुल्या आकसतात आणि डोळ्यांचा रंग उठून दिसतो, हे मला फार आवडतं.

म्हणून दोन्ही कामं मुख्यतः घरात असतील तर माझं मत सीओबीला. माणसं बाहेर, उन्हात टिपायची असतील तर फ्लॅशच घ्या.

एलईडी घेताना नुसता सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा आकडा, बघू नका. ती चाचणीतल्या पहिल्या ८ फिकट रंगांच्या गुणांची सरासरी असते; गडद लाल, म्हणजे आर९, त्यात धरतच नाहीत. टोमॅटो आणि ओठ मातकट दिसतात ते यामुळे. आर९ चा आकडा ९० च्या वर असेल असाच लाइट निवडा. शिवाय लाइट अगदी मंद करून १/१००० शटरला इलेक्ट्रॉनिक शटरने एक फोटो काढा. पट्टे दिसले, म्हणजे लाइट लुकलुकतोय; तो परत द्या.